जमिनीतील सेंद्रिय कर्ब: शेणखत, रासायनिक खत आणि पिकांचे अवशेष यांचा काय परिणाम होतो?

जमीन आरोग्य पत्रिका हातात आली की बहुतेक शेतकरी आधी नत्र, स्फुरद आणि पालाश या तीन ओळी पाहतात. कोणते खत किती टाकायचे हे त्यावरून कळते, म्हणून ते योग्यच आहे. पण त्याच पत्रिकेवर 'सेंद्रिय कर्ब' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे ०.३८ किंवा ०.५२ असा छोटासा आकडा असतो. हा आकडा कशाने वाढतो, कशाने घटतो आणि तो वाढवण्यासाठी शासनाच्या कोणत्या योजनांचा उपयोग होऊ शकतो, याची माहिती या पानावर दिली आहे.

पत्रिकेवरील आकडा काय सांगतो?

केंद्र शासनाने जमीन आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून सुरू केली. पत्रिकेत बारा घटक तपासलेले असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. यापैकी पहिले नऊ घटक म्हणजे पिकाचे अन्न. सेंद्रिय कर्ब हे पिकाचे थेट अन्न नाही. ते अन्न साठवणारे कोठार आहे असे म्हणता येईल. मातीत कुजलेले शेण, पाने, मुळे आणि त्यांवर जगणारे सूक्ष्मजीव या सगळ्यांत मिळून जो कर्ब असतो, त्याचे मातीच्या वजनाशी असलेले प्रमाण म्हणजे हा आकडा. कर्ब पुरेसा असेल तर माती भुसभुशीत राहते, पाऊस मुरतो, दिलेले खत मुळांपाशी टिकते आणि दोन पावसांत खंड पडला तर पीक चार दिवस जास्त तग धरते.

काही माहितीपत्रकांत 'सेंद्रिय कर्ब' आणि 'सेंद्रिय पदार्थ' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. ते एक नाहीत. सेंद्रिय पदार्थात कर्बाखेरीज इतरही द्रव्ये असतात; म्हणून कर्बाच्या आकड्याला १.७२४ ने गुणल्यावर सेंद्रिय पदार्थाचा अंदाज मिळतो. शेजाऱ्याच्या अहवालात ०.८६ आणि आपल्या पत्रिकेत ०.५० असे दिसले, तर त्याची जमीन चांगली असे मानण्यापूर्वी दोन्हीकडे एकच गोष्ट मोजली आहे का ते पाहावे. ०.५० टक्के कर्ब म्हणजेच सुमारे ०.८६ टक्के सेंद्रिय पदार्थ.

'कमी' आणि 'मध्यम' हे शेरेही सगळीकडे सारखे नसतात. देशात सर्वसाधारणपणे ०.५० पेक्षा कमी असल्यास कमी, ०.५० ते ०.७५ मध्यम आणि त्यापुढे जास्त असे धरतात. महाराष्ट्रात सहा पायऱ्या वापरल्या जातात: ०.२० पर्यंत अत्यंत कमी, ०.२१ ते ०.४० कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० थोडे जास्त, ०.८१ ते १.०० जास्त आणि १.०० च्या वर अत्यंत जास्त. त्यामुळे ०.४५ हा आकडा एका पत्रिकेवर 'कमी' आणि दुसरीवर 'मध्यम' दिसू शकतो. शेऱ्यापेक्षा आकडा जपून ठेवावा.

या आकड्याचा पैशांशीही संबंध आहे. अनेक प्रयोगशाळांत उपलब्ध नत्राचा अंदाज सेंद्रिय कर्बावरूनच काढतात. कर्ब कमी दिसला की नत्राची शिफारस वाढते, म्हणजे युरियाच्या गोण्या वाढतात. नमुना चुकीच्या जागेवरून घेतला असेल तर पत्रिका बरोबर छापलेली असूनही खर्च चुकतो.

एका एकराचा ढोबळ हिशोब

एका एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण ९ लाख किलो भरते. त्यात ०.१ टक्का कर्ब म्हणजे ९०० किलो. पत्रिकेवरील आकडा ०.४० चा ०.५० करायचा असेल, तर एकरी ९०० किलो कर्ब मातीत नुसता टाकून भागत नाही, तो तिथे टिकला पाहिजे.

आता एकरी ५ टन शेणखत धरू. तमिळनाडूत हेक्टरी १२.५ टनांची जी शिफारस केली जाते ती एकरी इतकीच येते. त्यातील निम्मे वजन पाण्याचे असते. उरलेल्या अडीच टनांत मातीही बरीच मिसळलेली असते; त्याचा चौथा हिस्सा कर्ब धरला तर सुमारे ६०० किलो होतात. सूक्ष्मजीव हे खाऊन जगतात आणि श्वासावाटे बराचसा कर्ब हवेत सोडतात. आपल्याकडच्या उन्हात वर्षभरानंतर टाकलेल्या कर्बाचा लहानसा भागच मातीत शिल्लक राहतो. चौथा भाग राहिला असे मानले तरी ते १५० किलो. त्याच वर्षात जमिनीत आधीपासून असलेल्या कर्बाचीही झीज चालू असतेच.

हा हिशोब फक्त अंदाज येण्यासाठी आहे. प्रत्येक शेतात तो वेगळा येईल. पण त्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एका वर्षी चार ट्रॉल्या खत टाकून पुढच्या पत्रिकेत फरक शोधू नये. एकाच शेतातल्या दोन नमुन्यांतही तेवढा फरक पडू शकतो. आणि दरवर्षी काहीच परत न देता पीक, कडबा, कुटार, काड्या सगळे उचलून नेले, तर आकडा जागेवर राहणार नाही, खाली येईल. हलक्या कोरडवाहू जमिनीत आहे तो आकडा राखणे हेसुद्धा चांगले काम आहे. 'एका बाटलीत कर्ब दुप्पट' असे सांगून विकल्या जाणाऱ्या द्रवांना वरचा हिशोब लावून पाहावा. एका लिटरच्या बाटलीत ९०० किलो मावत नाहीत.

शेणखताचा परिणाम

शेणखत, कंपोस्ट आणि गांडूळ खत यांनी कर्ब वाढतो याबद्दल वाद नाही. इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे १८४३ पासून चालू असलेल्या गव्हाच्या प्रयोगात दरवर्षी शेणखत मिळालेल्या तुकड्यात, काहीच न मिळालेल्या तुकड्याच्या अडीच ते तीन पट कर्ब साठला आहे. मात्र तिथे दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत टाकतात आणि हवा थंड असते. आपल्याकडे एवढे खत कोणाच्याच उकिरड्यात नसते.

भारतातले उदाहरण अधिक उपयोगी पडेल. मद्रासजवळ सैदापेट येथे १८६८ मध्ये सुरू झालेली शेतकी शाळा १९०६ मध्ये कोइम्बतूरला हलवण्यात आली. आजच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाचे मूळ तेच. तिथे १९०९ मध्ये 'कायम खत प्रयोग' सुरू झाला. एका तुकड्याला काहीच नाही, एकाला फक्त नत्र, एकाला फक्त पालाश, एकाला तिन्ही, एकाला गुरांचे खत, अशी वाटणी ठरवून तीच वर्षानुवर्षे पाळली गेली. गुरांचे खत मिळालेल्या तुकड्यात कर्ब सर्वांत जास्त राहिला. तिन्ही रासायनिक खते मिळालेला तुकडा त्याच्या खाली, पण काहीच न मिळालेल्या तुकड्याच्या वर राहिला. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे वळू.

खत कसे साठवले जाते यावरही बरेच अवलंबून असते. उघड्यावरचा उकिरडा उन्हाने वाळतो, पावसाने धुपतो आणि त्यातला नत्र उडून जातो. खड्डा, वर सावली आणि अधूनमधून पाण्याचा हबका एवढ्याने फरक पडतो. कच्चे शेण शेतात नेऊ नये. त्याबरोबर हुमणीच्या अळ्या आणि तणांचे बीही जाते. शेणाच्या गोवऱ्या केल्या तर तो कर्ब चुलीत जातो. घरात दुसरे जळण नसेल तर गोवऱ्या थापणाऱ्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. पण गॅस जोडणी असेल, सिलिंडर भरणे परवडत असेल, तर शेण खड्ड्यात जाऊ द्यावे.

ज्यांच्याकडे जनावर एकच आहे किंवा नाही, त्यांच्यासाठी नाडेप पद्धत उपयुक्त आहे. ती यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केली. 'नाडेप' हे नाव त्यांच्याच नावातील आद्याक्षरांवरून पडले. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधतात व भिंतींत हवेसाठी झरोके ठेवतात. त्यात सुमारे १,५०० किलो काडीकचरा, १०० किलो शेण आणि १,७५० किलो चाळलेली कोरडी माती यांचे थर देतात. पाणी १,५०० ते २,००० लिटर लागते. वरून शेणमातीने लिंपतात. साधारण चार महिन्यांत खत तयार होते. या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य शेणाच्या आकड्यात आहे: १०० किलो शेणात दीड टन कचरा कुजतो.

मेंढपाळांचे कळप रानात बसवणे हा जुना मार्गही विसरू नये. धनगरांच्या मेंढ्या काही रात्री शेतात बसल्या की लेंडी आणि मूत्र जागच्या जागी मिळते, वाहतूक लागत नाही. तमिळनाडूत यालाच 'किडै' म्हणतात आणि तिथेही शेतकरी मेंढपाळाला त्याचा मोबदला देतो.

रासायनिक खताने कर्ब घटतो का?

'रासायनिक खताने जमीन मरते' असे एका बाजूने ऐकू येते आणि 'गोणी टाकली की झाले' असे दुसऱ्या बाजूने. दोन्ही वाक्ये अर्धवट आहेत.

डीएपी किंवा पोटॅशच्या गोणीत सेंद्रिय कर्ब नसतो. युरियात थोडा कर्ब असतो, पण तो हवेत निघून जातो. म्हणजे गोणी थेट कर्ब वाढवत नाही. तरीही संतुलित खताने पीक जोमदार येते, मुळे जास्त वाढतात, पाने जास्त गळतात आणि हे सगळे मातीत मिसळते. कोइम्बतूरच्या प्रयोगात तिन्ही खतांचा तुकडा रिकाम्या तुकड्याच्या वर राहिला त्याचे कारण हेच.

नुकसान होते ते एकाच खतावर भर दिल्याने. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देशभर दीर्घकालीन खत प्रयोग सुरू केले. त्यांचे समन्वयन आज भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेकडून होते. हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथे १९७२ पासून ज्या तुकड्याला फक्त नत्र मिळत गेले, तिथे जमीन इतकी आम्ल झाली की काही वर्षांनी मक्याचे उत्पादन शून्यावर आले. महाराष्ट्रातील काळ्या जमिनीत चुनखडी असल्यामुळे असे आम्लपण सहसा येत नाही. मात्र स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त संपत जातात, पीक खुरटते आणि पीक खुरटले की मातीत परतणारी मुळे-पानेही घटतात.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून काळ्या जमिनीत ज्वारी आणि गहू या पिकांवर असाच प्रयोग चालू आहे. शिफारशीत नत्र, स्फुरद, पालाश आणि त्याबरोबर हेक्टरी ५ टन शेणखत मिळालेला तुकडा उत्पादन आणि कर्ब या दोन्ही बाबतींत वरच्या क्रमात राहिला. फक्त नत्र मिळालेला आणि काहीच न मिळालेला हे तुकडे खाली राहिले. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याने कुठलाही एक निष्कर्ष लक्षात ठेवायचा तर हा ठेवावा, कारण माती आणि पाऊस त्याच्याच ओळखीचे आहेत.

असे असूनही शेतकरी युरियाकडे का वळतो, याचे उत्तर बाजारभावात आहे. युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे २६६.५० रुपयांना मिळते. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना. हातात पैसे कमी असतील तर काय उचलले जाईल हे सांगायला नको. पत्रिकेवरील शिफारस दुकानात सोबत न्यावी आणि युरिया कमी करून वाचलेल्या पैशात निदान सिंगल सुपर फॉस्फेट घ्यावे. त्यातून स्फुरदाबरोबर गंधकही मिळते.

पिकांचे अवशेष

शासकीय कागदपत्रांत 'पिकांचे अवशेष' असा एकच शब्द असतो. शेतात मात्र उसाचे पाचट, कपाशीची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, सोयाबीनचे कुटार, गव्हाचा गव्हांडा आणि ज्वारीची धसकटे ही सगळी वेगवेगळी असतात, आणि ती तशी वेगळी ओळखणेच बरे. कारण प्रत्येकाचा कुजण्याचा वेग वेगळा आणि त्यावर हक्क सांगणारेही वेगळे.

सर्वांत मोठी संधी पाचटात आहे. ऊस तुटल्यावर हेक्टरी ८ ते १० टन पाचट शेतात पडते. त्यात ३२ ते ४२ टक्के सेंद्रिय कर्ब, सुमारे अर्धा टक्का नत्र आणि एक टक्क्याच्या आसपास पालाश असते. एकरी ४ टन पाचट धरले तर कर्ब १,२०० किलोंहून जास्त होतो, म्हणजे वर हिशोबात धरलेल्या ५ टन शेणखताच्या दुप्पट. शेण जनावराच्या पोटात आधीच पचलेले असते, म्हणून शेणखतातील कर्बाचा मोठा वाटा टिकतो आणि पाचटातील लहान. तरीही फुकट मिळणारे एवढे सेंद्रिय द्रव्य दुसरे नाही. काडी लावली की यातला कर्ब आणि नत्र जवळजवळ पूर्ण जातात. राखेत पालाश उरते, पण तीही वाऱ्याने आणि पहिल्या पाण्याने हलते. 'पेटवल्याशिवाय खोडवा फुटत नाही' हा समज आजही आहे. बुडखे मोकळे ठेवून पाचट सरीत ओढले तर फुटवे येतात. शिवाय ओल टिकते आणि तण दबते.

पाचट नुसते पडू दिले तर मात्र पीक पिवळे पडू शकते, आणि मग माणूस पुढच्या वर्षी पुन्हा काडी लावतो. पिवळेपणाचे कारण समजून घेतले पाहिजे. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र फार कमी असते. सूक्ष्मजीवांना शरीर बांधायला दोन्ही लागतात. पाचटात नत्र मिळाले नाही की ते मातीतले उचलतात आणि काही आठवडे पिकाला तुटवडा पडतो. म्हणून एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक अशी शिफारस आहे. एकरी ४ टनांसाठी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो संवर्धक. हा युरिया वाया जात नाही. जिवाणू मेल्यावर तोच नत्र पुढे पिकाला मिळतो. पाणी मात्र द्यावे लागते. कोरड्या पाचटावर जिवाणू टाकून काही होत नाही.

कपाशीची गोष्ट वेगळी आहे. पऱ्हाटी लाकडासारखी टणक असते आणि नुसती गाडून लवकर कुजत नाही. यंत्राने तिचे बारीक तुकडे करून पसरावे किंवा नाडेपच्या टाक्यात घालावे. बांधावर तिचा ढीग रचून पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नये. उघडलेल्या-न उघडलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. २०१७ च्या खरिपात विदर्भातील कपाशी उत्पादकांनी तिचा फटका सोसला आहे. फरदड न घेता हंगाम संपवावा आणि पऱ्हाटीचा चुरा करावा, हे बोंडअळीसाठीही योग्य आणि कर्बासाठीही.

पण पऱ्हाटीवर शेतमालकाचाच हक्क असतो असे नाही. अनेक गावांत वेचणीला येणाऱ्या मजूर बाया ती चुलीसाठी नेतात, आणि ती नेण्याची मुभा हा मजुरीचाच न लिहिलेला भाग असतो. चुरा करण्याचे यंत्र आले की हे जळण बंद होते. कृषी सभेत याचा उल्लेख क्वचित होतो. गावाने यंत्र घेताना हा विषयही बोलून घ्यावा.

सोयाबीनच्या कुटाराचा ढीग मळणीनंतर जिथल्या तिथे सोडू नये. जनावरांना घातले तर शेणाच्या रूपाने परत येते. विकायचे असल्यास मिळणारी किंमत आणि त्याबरोबर शेताबाहेर जाणारे पालाश यांची तुलना करावी. तुरीची पाने मात्र आपोआप गळून जमिनीला मिळतात. ज्वारी-बाजरीची धसकटे वेचून बांधावर टाकण्यापेक्षा जागेवर राहू द्यावीत: मुळांतून आलेला कर्ब वरून पसरलेल्या काडीपेक्षा जास्त काळ टिकतो, कारण तो मातीच्या कणांना बिलगलेला असतो. दर उन्हाळ्यात खोल नांगरट केल्याने मात्र हाच कर्ब उघडा पडून लवकर जळतो.

ताग किंवा धैंचा यांसारखे हिरवळीचे खत फुलोऱ्याच्या सुमारास गाडतात. ते कोवळे असल्याने झपाट्याने कुजते. त्यामुळे पुढच्या पिकाला नत्र चांगले मिळते, पण टिकाऊ कर्ब त्यामानाने थोडा वाढतो. कोरडवाहू शेतात एक पूर्ण पीक त्यासाठी सोडणे परवडत नसेल तर बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला घालावा.

भाताच्या खाचरात वेगळे काय घडते?

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर तालुक्याचे नाव आता मोटारींच्या आणि मोबाइलच्या कारखान्यांमुळे घेतले जाते. तरी कांचीपुरम जिल्ह्यातील तलावांखाली, ज्यांना तिथे 'एरी' म्हणतात, भातशेती टिकून आहे. सोर्णवारी, सांबा आणि नवरै असे भाताचे हंगाम तिथे असतात आणि मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. कोकण, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या वाचकांना या खाचरांतली स्थिती आपल्याशी जुळती वाटेल.

पाणी साचलेल्या मातीत हवा कमी असते, म्हणून सेंद्रिय पदार्थ सावकाश कुजतात. त्यामुळे तेवढाच पेंढा विदर्भातल्या कोरड्या रानापेक्षा खाचरात जास्त कर्ब मागे ठेवतो. पण हवेवाचून कुजताना मिथेन वायू तयार होतो, आणि लावणीच्या तोंडावर ताजा पेंढा गाडला तर विषारी वायूंनी रोपांची मुळे काळी पडतात. पेंढा किंवा धैंचा लावणीपूर्वी दोन-तीन आठवडे तरी चिखलात मिसळलेला असावा. पेंढा गुरांना लागत असेल, त्याच्या गठ्ठ्यांना भाव मिळत असेल, तर निदान कापणी थोडी उंच करून खोडे शेतात सोडावीत.

तलाव आटला की तळातला गाळ शेतात नेण्याची पद्धत तिथे जुनी आहे. त्याला 'वंडल मण्' म्हणतात. शेतांतून धुपून गेलेली बारीक माती आणि कर्बच त्यातून परत येतो. तमिळनाडू शासन शेतकऱ्यांना तलावातील गाळ विनामूल्य नेण्यास परवानगी देते. त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. त्याच राज्यात २०२४-२५ पासून 'मण्णुयिर कात्तु मन्नुयिर काप्पोम' ही योजना चालू असून तिच्यात हिरवळीच्या खताचे बियाणे दिले जाते. या नावाचे नेमके भाषांतर करणे अवघड आहे: 'मण्णुयिर' म्हणजे मातीतला जीव आणि 'मन्नुयिर' म्हणजे जगातले जीव, फरक एका अक्षराचा.

महाराष्ट्रातील याच धर्तीची योजना म्हणजे २०१७ मध्ये सुरू झालेली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'. अत्यल्प व अल्पभूधारक, तसेच विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना गाळ वाहून नेण्यासाठी अनुदानाची तरतूद तिच्यात आहे. हलक्या मुरमाड जमिनीत गाळाचा उपयोग सर्वांत जास्त होतो. भारी काळ्या जमिनीत तो टाकू नये, निचरा बिघडतो.

योजनांबद्दल नेहमी विचारले जाणारे

बाजारातील सेंद्रिय खतावर टनामागे १,५०० रुपये मिळतात असे ऐकले आहे. ते माझ्या खात्यात येतील का? नाही. २०२३ मध्ये मंजूर झालेले हे साहाय्य गोबरधन प्रकल्पांतील खताच्या विक्रीसाठी कंपन्यांना व उत्पादकांना दिले जाते. शेतकऱ्याला त्याचा लाभ झाला तर कमी किमतीच्या रूपाने होतो. यासाठी कोणी अर्ज भरून देण्याचे पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

गोणीतले सेंद्रिय खत खरे आहे हे कसे ओळखावे? खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार गांडूळ खतात किमान १८ टक्के आणि शहरी कंपोस्टमध्ये किमान १२ टक्के सेंद्रिय कर्ब असावा लागतो. गोणीवर ही टक्केवारी छापलेली आहे का पाहावे आणि पक्के बिल घ्यावे. बिलाशिवाय तक्रार पुढे जात नाही.

नाडेप किंवा गांडूळ खताच्या टाक्यासाठी मदत मिळते का? ग्रामीण रोजगार हमीच्या कामांत अशी टाकी घेतली जातात. ग्रामसभेच्या आराखड्यात काम नोंदलेले असणे आवश्यक असते, म्हणून ग्रामरोजगार सेवकाकडे आधी चौकशी करावी. अवजारांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येतो.

पत्रिका माझ्याच शेताची आहे का? असेलच असे नाही. योजनेच्या सुरुवातीला बागायती भागात अडीच हेक्टरमागे आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरमागे एक नमुना घेतला जात असे, आणि त्या चौकटीतील सर्वांना तोच अहवाल मिळत असे. पत्रिकेवर गट क्रमांक आणि नमुना घेतल्याची तारीख तपासावी. स्वतःचा नमुना स्वतंत्रपणे तपासून घेता येतो. त्याला शुल्क पडू शकते, ते आधी विचारावे.

नमुना घेताना

पीक काढल्यावर आणि खत टाकण्यापूर्वी नमुना घ्यावा. शेणखत किंवा रासायनिक खत दिल्यापासून दोन-तीन महिने झालेले असावेत. बांध, झाडाची सावली, विहिरीचा काठ, जनावरे बांधण्याची व उकिरड्याची जागा टाळावी. अशा जागी कर्ब फुगलेला दिसतो. आठ-दहा ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने कापावी. सगळी माती गोणपाटावर मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. माती सावलीत वाळवावी. उंच भाग, सखल भाग, काळी आणि मुरमाड यांचे नमुने वेगळे ठेवावेत. स्वच्छ कापडी पिशवीत नाव, गट क्रमांक, आधीचे पीक आणि पुढचे पीक लिहिलेली चिठ्ठी घालावी. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरू नये. मागच्या पत्रिकेची झेरॉक्स जवळ ठेवावी आणि पुढच्या वेळी माती त्याच जागांवरून, त्याच महिन्यात घ्यावी; नाहीतर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.